राणीचे कांदे आणि पुतळा माळीण

समुद्रकाठच्या एका गावात पुतळाबाई नावाची एक माळीण राहत होती. तो मुलूख आपल्यासारखा नव्हता. तिथे पाऊस थंडीत पडे. दिवाळी सरली की ढग यायचे आणि होळीच्या सुमारास निघून जायचे. मग सात-आठ महिने आभाळातून थेंब नाही. ऊन असं की विहिरीच्या काठावर पाय ठेवला तर पोळावा.

गावाला लागूनच राजा सोमकेतूचा वाडा होता आणि वाड्यामागे बाग. पुतळाबाई त्या बागेची माळीण. बागेत सात लांबच लांब वाफे होते आणि त्या सातही वाफ्यांत राणीने नर्गिसाचे कंद लावले होते. राणी लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून दागिन्यांच्या पेटीबरोबर कंदांचं एक पोतंही घेऊन आली. दिसायला ते थेट कांद्यासारखे. गावातल्या बाया हसून म्हणाल्या, "राणीसाहेब कांदे घेऊन सासरी आल्या!" पण माघ-फाल्गुनात त्या कांद्यांतून पांढरी फुलं वर आली. त्यांच्या पोटात हळदीच्या रंगाची वाटी होती, आणि वास असा की रस्त्याने जाणारा माणूस थांबायचा. तेव्हापासून बाया हसायच्या थांबल्या.

राणी आणि पुतळाबाई वाफ्याशी उकिडव्या बसून तासन्‌तास बोलत. कंद कसा लावायचा, किती खोल लावायचा, फूल सरल्यावर पात पिवळी पडली तरी ती का कापायची नाही, सगळं राणीनेच तिला शिकवलं. "पात वाळते तेव्हा सगळं बळ खाली कंदात उतरतं बाई," राणी म्हणायची. "मग तो झोपतो. उन्हाळाभर त्याला उठवायचं नाही."

एका वर्षी फुलं सरता सरता राणी आजारी पडली, आणि चैत्र संपायच्या आत गेली.

राजा महिनाभर महालाबाहेर पडला नाही. वैशाखात तो पहिल्यांदा बागेत आला. सातही वाफ्यांतली पात पिवळी पडून जमिनीवर लोळत होती.

"हीसुद्धा चालली," तो म्हणाला. मग कारभाऱ्याकडे वळून त्याने हुकूम दिला, "रोज चाळीस पखाली पाणी या वाफ्यांना घाला. एकही रोप मरता कामा नये."

पुतळाबाई पुढे झाली. "महाराज, पण हे कंद..."

निंबाजी कारभाऱ्याने डोळ्यांनीच तिला दटावलं. राजा गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, राजाचं दुःख ओलं आहे. आत्ता त्यांना शहाणपण शिकवायला जाशील तर बाग हातची घालवशील. सांगितलं तेवढं कर."

पुतळाबाई एकटी बाई. तिला घर होतं ते बागेच्या कोपऱ्यातलं. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवसापासून कातडी पखालींतून पाणी वाहणाऱ्या दाऊदचा बैल विहिरीवरून बागेत आणि बागेतून विहिरीवर फेऱ्या घालू लागला. वाफ्यांत पाणी तुंबलं. माती वरून तापे आणि आतून वाफाळे. इकडे गावातल्या बायांची विहिरीवर रांग लागू लागली, कारण पाणी भराभर खाली चाललं होतं. दाऊद एकदा पखाल रिकामी करता करता म्हणाला, "पुतळामावशी, माझ्या घरची म्हैस तहानेने हंबरते, आणि मी इथे वाळक्या पाल्याला पाणी पाजतोय. हे बरोबर आहे का?"

पुतळाबाईला उत्तर ठाऊक होतं. ते तोंडाबाहेर काढायचं धैर्य नव्हतं.

विसाव्या दिवशी पहिल्या वाफ्यातून तिला एक आंबूस, कुजकट वास आला. तिने खुरप्याने माती बाजूला केली आणि एक कंद उपसला. तो हातात घेताच बोटं आत रुतली. आतून तपकिरी पाणी गळालं. तिने दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे तसेच. ती तिथेच चिखलात बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

निंबाजी धावत आला. त्याने पाहिलं आणि तो म्हणाला, "रडतेस काय? उन्हाने जळाले म्हणून सांग. उन्हाला कोण शिक्षा करणार? तुझ्यावर काही येत नाही आणि माझ्यावरही नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाणी तसंच घालत राहिलं असतं, तर भादव्यापर्यंत सातही वाफे कुजले असते आणि तिला कुणी बोल लावला नसता. हुकूम पाळला होता ना! पुतळाबाईने खाली पाहिलं. तिच्या हाताला राणीच्या कुजलेल्या कंदांचा वास येत होता. हात धुतल्यावर तो वास जाईल, पण आपण कशामुळे गप्प बसलो ते काही धुऊन जायचं नाही, असं तिला वाटलं.

तिने सातव्या वाफ्यातला एक कंद उकरला. तो अजून टणक होता. तो आणि एक कुजलेला, असे दोन्ही पदरात बांधून ती थेट दरबारात गेली.

"महाराज, हे बघा." तिने दोन्ही कंद राजासमोर ठेवले. "हा जिवंत आहे आणि हा मेला. मेला तो पाण्याने मेला."

राजा उठून उभा राहिला. "तू माझ्या राणीची फुलं मारलीस?"

"होय महाराज. आपण दोघांनी मारली. तुम्ही मायेने मारली, आणि मी भीतीने. मला ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही. म्हणून माझा दोष मोठा."

राजाने कुजलेला कंद उचलून पाहिला. त्याने विचारलं, "मग आता काय करायचं?"

"काही करायचं नाही."

"काही नाही?"

"पाणी बंद करायचं आणि वाट बघायची. पहिला पाऊस पडेपर्यंत."

"आणि नाही उगवली तर?"

"तर मी बाग सोडून जाईन."

राजाने मान फिरवली. "जा. पाणी बंद. पण पाऊस पडल्यावर फुलं आली नाहीत, तर मला तोंड दाखवू नकोस."

पुतळाबाईने कुजलेले कंद वेचून काढले. तीन वाफे जवळजवळ रिकामे झाले. उरलेल्या चार वाफ्यांची माती उन्हात वाळली, पांढरी पडली, तिला भेगा गेल्या. दाऊदचा बैल आता गावात पाणी वाहू लागला. विहिरीवरची रांग आखडली. पण बागेकडे पाहून लोक मान हलवत. "बाईने राणीची बाग उजाड केली," असं तिच्या कानावर येई.

खरं सांगायचं तर लोकांच्या बोलण्यापेक्षा रिकामा हात तिला जास्त जड गेला. जन्मभर खुरपं चालवलेली बाई ती. जमिनीखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. वाटायचं, एखादा कंद उकरून बघावा. वाटायचं, इतकी भेगाळली आहे माती, ओंजळभर शिंपडलं तर काय बिघडेल? एका दुपारी ती आपल्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन वाफ्यापर्यंत गेलीसुद्धा. तिथून परत फिरली आणि ते पाणी तिने दाऊदच्या बैलापुढे ओतलं.

मग राणीचा जन्मदिवस आला. ऊन तर त्या दिवशी आग ओकत होतं. राजा एकटाच बागेत आला, हातात चांदीचा गडू घेऊन. तो चौथ्या वाफ्याशी वाकला आणि गडू कलता केला.

पुतळाबाई धावली आणि त्याच्या हाताखाली तिने आपले दोन्ही हात धरले. पाणी तिच्या ओंजळीत पडलं.

"महाराज, मला हाकलून द्या, पण हे पाणी इथे नको."

"बाजूला हो!" राजा ओरडला. "आज तिचा दिवस आहे. मी तिला एवढंही देऊ नको?"

"हे पाणी त्यांना पोचत नाही महाराज. ते कंदाला पोचतं आणि कंद मरतो."

राजाचा आवाज एकदम खाली आला. "मग मी करू तरी काय, बाई? मला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही."

पुतळाबाईचे डोळे भरले. तिलाही नेमकं तेच होत होतं. तिने अंजिराच्या झाडाखालचा पाला पदराने झाडला. "इथे सावलीत बसा महाराज. मी राणीसाहेबांची गोष्ट सांगते."

राजा बसला. तिने त्याला सांगितलं, राणीने पहिला वाफा खणला तेव्हा हाताला कसे फोड आले, आणि ते राजाला दिसू नयेत म्हणून तिने आठ दिवस हाताला मेंदी कशी लावली. राजाला हसू आलं. राणी गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला. हसता हसता तो रडला. गडूतलं उरलेलं पाणी दोघांनी वाटून प्यायलं.

त्या दिवसानंतर राजा अधूनमधून येऊन अंजिराखाली बसू लागला. कधी दोघं बोलत, कधी नुसतीच बसत. वाफे तसेच उघडे पडले होते.

त्या वर्षी पाऊस लांबला. दिवाळी झाली, पंधरा दिवस गेले, आभाळ कोरडंच. निंबाजी रोज सकाळी येऊन विचारी, "बाई, गाठोडं बांधलंस का?" पुतळाबाईने खरंच गाठोडं बांधून ठेवलं होतं. मग एके दिवशी वारा फिरला, समुद्रावरून काळे ढग आले आणि सलग तीन दिवस पाऊस लागला.

पाऊस थांबल्यावर पुतळाबाई वाफ्यांवर गेली. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेली, काही नव्हतं. आठव्या दिवशीही नाही. तिची भूक गेली. अकराव्या दिवशी सकाळी ती चौथ्या वाफ्यापाशी वाकली, तर मातीतून काहीतरी हिरवं टोचून वर आलं होतं, सुईच्या टोकाएवढं. शेजारी आणखी एक. पुढे आणखी तीन. ती चिखलात अनवाणी धावत महालाच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली, "महाराज, उठले! राणीसाहेबांचे कंद उठले!"

माघात चार वाफे पांढऱ्या फुलांनी भरून गेले. सगळं गाव बघायला आलं. दाऊदने आपल्या बायकोला आणलं. निंबाजीही आला. तो पुतळाबाईसमोर क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुझं ऐकायला हवं होतं." एवढं बोलून खाली मान घालून तो बाजूला झाला.

राजा चार वाफे डोळे भरून पाहून झाल्यावर तीन रिकाम्या वाफ्यांशी थांबला. "यांचं काय?"

"एका कंदाला दोन-तीन पिल्लं होतात महाराज. ती सोडवून इथे लावीन. पण त्यांना फूल यायला चार-पाच वर्षं लागतील."

निंबाजी लांबून म्हणाला, "महाराज, परदेशातून आणवून याच महिन्यात भरून टाकता येतील."

राजाने खाली वाकून रिकाम्या वाफ्यावरची माती मुठीत घेतली, ती बोटांतून गळू दिली आणि म्हणाला, "नको. राणीच्या कंदांची पिल्लंच लावा. आम्हाला घाई नाही."

तात्पर्य: ज्याच्यावर माया करायची, त्याला काय हवं ते आधी ओळखावं, आणि हात आवरण्याची वेळ असेल तर तसं स्पष्ट सांगायला भिऊ नये.