समासातल्या ओळी

ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगरउतारावरचं ते गाव. वर्षातून एकदा सगळे देवळात सभेला जमत. गुरं कुठे चारायची, कुठलं रान राखायचं, पाण्याची पाळी कुणाची, हे सगळं ठरे आणि एका वहीत लिहिलं जाई.

वहीला रुंद समास होता. ज्याला जे ध्यानात ठेवायचं असेल ते त्यानं तिथं आपल्या हातानं लिहावं, अशी रीत होती. दरवर्षी नवी वही करताना म्हातारा लेखनिक ठराव बदली, पण समासातल्या ओळी जशाच्या तशा उतरवून घेई.

तो वारल्यावर काम भानजीकडे आलं. भानजीचं अक्षर फार नेटकं. समासातली वेडीवाकडी अक्षरं पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा काय पसारा!" तो म्हणाला. त्यानं नवे ठराव लिहिले, समास कोरे ठेवले आणि जुनी वही चुलीत घातली.

गावानं नव्या वहीचं कौतुक केलं.

येसू धनगरीण तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला दूरगावी गेली होती. शेळ्या तिनं धाकट्या जावेच्या, जनाच्या हवाली केल्या होत्या. जाताना म्हणाली होती, "काही अडलं तर वही बघ. माझं सगळं तिथं लिहिलेलं आहे."

पावसाळा सरता सरता जनानं वही उघडली. 'वरचं कुरण सर्वांना खुलं' असा ठराव होता. शेजारी काहीच नव्हतं. ती शेळ्या घेऊन वर गेली. तिसऱ्या दिवशी अकरा शेळ्या मेल्या.

येसू परतली तेव्हा जना तिच्या गळ्यात पडून रडली. "जाऊबाई, मी वही बघितली हो. तिथं एक अक्षर नव्हतं."

येसू तडक भानजीकडे गेली. "वरच्या कुरणात पिवळ्या फुलांचं विषारी झुडूप येतं. ते सुकेपर्यंत शेळ्या नेऊ नयेत, असं मी लिहिलं होतं. कुठे गेलं ते?"

"ते ठरावात नव्हतं," भानजी म्हणाला.

"ठराव गावाचा होता. ती ओळ माझी होती. पुसण्याआधी मला विचारायचं होतंस."

भानजीची मान खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून तो वही घेऊन दारोदार फिरला. "तुमचं काय लिहिलेलं होतं?" असं विचारून सांगतील तसं समासात लिहू लागला. काहींना आठवलं. पुष्कळांना आठवेना, लक्षात ठेवावं लागू नये म्हणूनच तर त्यांनी ते लिहिलं होतं.

कोंडाजी गुराख्याच्या घरी त्याची विधवा दारात आली. "त्यांना रानात एक झरा सापडला होता," ती म्हणाली. "कुठल्या खडकाखाली, ते वहीत लिहिलंय एवढंच मला सांगून गेले."

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. गावानं सारं रान पालथं घातलं, पण झरा सापडला नाही. पाऊस पडेपर्यंत बायामाणसं दोन कोसांवरून पाणी वाहत राहिली. भानजीही त्यांच्यातच होता.

सगळ्यांची वही नवी करायला घेणाऱ्यानं एवढं जाणावं: त्यात एखाद्यानं स्वतःसाठी लिहिलेलं त्याला विचारल्यावाचून पुसू नये.