एकवीस काजवे

त्या रानात घरट्याची किंमत उजेडावरून ठरत असे. लग्न झालं की सुगरण पक्ष्याने नव्या घरट्याच्या भिंतीत ओल्या चिखलाने एकवीस काजवे चिकटवायचे, असा रिवाज होता. काजवे वर्षातून मोजकेच दिवस दिसत. एकदम एकवीस मिळत ते फक्त पिंगळ्याच्या ढोलीत. तो एकवीस देई आणि बेचाळीस परत घेई.

पिवळ्या नावाच्या नराने ते घेतले. पहिल्या तिन्हीसांजेला शेजारच्या फांद्यांवर माना उंचावल्या. तिसऱ्या दिवशी चिखल वाळला आणि काजवे विझले.

"अहो, उजेड तर गेला," त्याची नवी बायको काडी म्हणाली, "आता चिखल फेडायचा."

पिवळ्या हसला. घरट्याच्या पोटात, अंड्यांच्या जागी, काडीने सावरीचा कापूस अंथरला होता. त्याकडे न बघता तो म्हणाला, "यंदा नको. आधी मोकळे होऊ."

तिलाही ते पटलं.

सापडेल तो काजवा दोघं ढोलीत नेऊन देत. पाऊस आला, गेला. कापूस पिवळा पडला. काडीने तो काढून नवा आणला.

"काय गं, घरटं नुसतं झोके घ्यायला बांधलंय का?" शेजारणीने विचारलं.

"वारा बरा आहे इथे," काडी म्हणाली.

चौथ्या पावसाळ्यात शेवटचा काजवा देऊन झाला. पिंगळ्याने कौतुक केलं. परतताना काडी पुढे उडत होती, आणि दारात बसून वाट पाहत राहिली.

"एकच मोसम दे," पिवळ्या म्हणाला. "थोडी शिल्लक पडू दे. पिल्लांनी कुणाच्या ढोलीत जाऊ नये."

"एकच."

"एकच."

शिल्लक पडली. आधी भिंतींत गवताचं बी भरलं, मग दुसरं घरटं झालं, मग तिसरं. दाण्यांच्या बदल्यात भिजलेली पाखरं त्यांत राहू लागली. झाडाला पिवळ्याचं झाड म्हणू लागले. दर वर्षी काडी विचारी, पिवळ्या 'पुढच्या पावसात' म्हणे, आणि ती कापूस बदली.

एका वर्षी तिने विचारलं नाही. अंड्यांचा काळ सरला की सुगरणींना ते कळतं. त्या बोलत नाहीत. पिवळ्याला ते आधी सोयीचं वाटलं, नंतर सवयीचं. कापूस मात्र ती त्याही वर्षी बदलत होती, आणि त्यापुढेही.

मग एका तिन्हीसांजेला पिवळ्या धापा टाकत आला. त्याने एकवीस काजवे आणले होते, एकही उसना नाही. ओला चिखलही त्यानेच आणला.

"आता काही कमी नाही," तो म्हणाला. "बघ, सगळे आपले. आता पिल्लं..."

काडीने एकेक काजवा नीट दाबून बसवला. घरटं तळापर्यंत उजळलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पिवळ्याने आत वाकून पाहिलं.

कापूस पांढराशुभ्र होता, कालच अंथरलेला. त्यावर कुठेही खळगा पडलेला नव्हता.