विरजणाची वाटी

फार पूर्वी, मांजरं दुकानं चालवत तेव्हाची गोष्ट. भुरी मांजरीनं दह्याचं दुकान काढलं. सुरुवातीला तिच्या पोटात कावळे ओरडत, तरी उद्याच्या विरजणापुरती वाटीभर दही ती रोज झाकून ठेवी.

पुढे दुकान असं चाललं की म्हशी दारात रांग लावून दूध देऊ लागल्या. त्या आनंदात भुरीनं विरजणाची वाटीही चाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी दही लागेना. भुरीनं दुधापुढे उभं राहून जिद्दीवर भाषण केलं. दुधानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी ते नासलं.

शेवटी ती शेजारी गेली. "साळिंदरबाई, चमचाभर विरजण द्या."

"देते की," साळिंदरबाई म्हणाल्या, "पण घरी पोचेपर्यंत तोंडाला मुसकं बांध."