वाळूच्या तीन गोण्या

एकदा एक वस्ताद होते आणि त्यांच्या हाताखाली नऊ वर्षे राबलेला एक शिष्य होता. वस्ताद म्हटल्यावर लाल मातीचा आखाडा डोळ्यांपुढे आणू नका. हे वस्ताद मोटारींचे. घाटाच्या पायथ्याशी त्यांचे गॅरेज होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचे दुखणे सांगण्याची त्यांची ख्याती होती. बोलणे मोजके. शिष्य मात्र बोलका, हुशार आणि घाईचा. हुशारीला घाईची जोड मिळाली की माणसाचे काय होते ते वेगळे सांगत बसत नाही; ही गोष्ट त्याचीच आहे.

वस्तादांनी त्याला शब्द दिला होता. "एक गाडी पयल्यापास्नं शेवटपातूर एकट्यानं घडव. मी तिच्यात बसीन. मन भरलं, की पाटीवर माझ्या नावाखाली तुझं नाव." त्या पाटीसाठी शिष्याचा जीव टांगणीला लागला होता. वय छत्तीस झाले, तरी गावात अजून त्याला 'वस्तादांचा माणूस' म्हणूनच ओळखत.

त्याने निवडली घरचीच डिझेल हॅचबॅक. साधी, चार दरवाजांची, पांढरी. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हौसेने घेतलेली. हिलाच चपळ करून दाखवायची आणि अडीच महिन्यांवर आलेली मोटार क्लबची घाटचढणीची शर्यत मारायची, असा त्याने चंग बांधला. एकदा शर्यत मारली की वस्तादांचे मन भरल्यावाचून राहणार नाही, हा त्याचा हिशेब.

दोन महिने तो त्या गाडीला चिकटून होता. इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवली. रुंद टायर घातले. मूळच्या स्प्रिंगा काढून बुटक्या, कडक स्प्रिंगा बसवल्या. वजन कमी व्हावे म्हणून मागचे सीटही काढून टाकले. गाडी सरळ रस्त्यावर अशी सुटे की त्याचे त्यालाच हसू फुटे. पण घाटातल्या तिसऱ्या वळणावर तिचे काहीतरी बिनसत असे. स्टिअरिंग वळवावे, तर गाडीचे जड नाक वळणाबाहेरच ओढ घेई आणि तिची मागची बाजू उगाच थयथयाट करी. त्याने चाकांचे कोन बदलून पाहिले, टायरमधली हवा कमीजास्त केली. काहीच लागू पडेना. शेवटी त्याने नाइलाजाने वस्तादांपुढे गाडी आणून उभी केली.

वस्तादांनी बॉनेट उघडलेसुद्धा नाही. मागचा दरवाजा उघडून ते आतल्या उघड्या पत्र्याकडे बघत राहिले.

"सीट कुठाय?"

"काढलं, वस्ताद. तेवढंच वजन वाचलं."

"आधी बसव. आणि तुझ्या घरातली जेवढी माणसं ह्या गाडीत बसत्यात, तेवढ्या गोण्या आण वाळूच्या. एकेका माणसाच्या वजनाची एकेक."

शिष्याला वाटले, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकले. सारे जग शर्यतीसाठी गाडीतून ओझे काढते आणि हे भरायला सांगतात! "वस्ताद, शर्यतीत मी एकटाच बसणार हाय."

"शर्यत एका दिसाची," वस्ताद म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

म्हातारपणाने वस्तादांचे डोके फिरले की काय, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. खोटे कशाला सांगू? पण नऊ वर्षांची सवय होती. त्याने सीट परत बसवले आणि वाळू आणली. स्वतःची गोणी अडुसष्ट किलोची भरली. बायकोला वजन विचारले तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कशापायी? इकायला काढलीया काय मला?" वाळूचे कारण ऐकून तिने कपाळावर हात मारला, पण आकडा सांगितला. तिसरी गोणी वडिलांची. ती त्याने एकसष्ट किलोची भरली. वडिलांना विचारायचे कारणच नव्हते. "तीस वर्षं काट्यावर काढली, माझ्या वजनात तोळ्याचा फरक न्हाई, एकसष्ट म्हणजे एकसष्ट," हे तो लहानपणापासून ऐकत आला होता.

वस्तादांनी पुढच्या दोन गोण्या नुसत्या पाहिल्या. मागच्या सीटवरच्या गोणीवर मात्र हात ठेवला.

"ही कुणाची?"

"आबांची. एकसष्ट."

"कुणी मोजलं?"

"मोजायचं काय त्यात? आबांचं वजन साऱ्या कारखान्याला पाठ हाय."

"पाठ असलेलं नको. आबाला काट्यावर घेऊन जा."

आता मात्र शिष्य चिडला. शर्यत नऊ दिवसांवर आली होती, गाडी वळत नव्हती आणि हे म्हातारे गृहस्थ वाळूचा खेळ मांडून बसले होते. पण पाटी त्यांच्या हातात होती. तो मुकाट्याने घरी गेला आणि वडिलांना घेऊन बाजारातल्या भुसार व्यापाऱ्याकडे आला. वडील वाटेत दोनदा म्हणाले, "राहू दे की, कशाला?" तरी त्याने हाताला धरून त्यांना काट्यावर चढवले.

काट्याने सत्तेचाळीस दाखवले.

शिष्याने काट्यावर थाप मारली. सत्तेचाळीसच. "शेट, काटा बिघडलाय तुमचा."

व्यापाऱ्याला ते लागले. त्याने वडिलांना उतरवून साखरेचे सीलबंद पोते काट्यावर टाकले. काट्याने बरोबर पन्नास दाखवले. जन्मभर साखरेची पोती मोजलेला माणूस साखरेच्या पोत्याहून हलका होऊन शेजारी उभा होता. शिष्याने तेव्हा प्रथम वडिलांच्या कमरेचा पट्टा पाहिला. त्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोके होती.

"काटा बरोबर हाय," वडील खाली बघत म्हणाले. "श्रावणापास्नं उतरतोय मी."

"मग बोलला का न्हाईसा, आबा?"

"म्हटलं, तुझी शर्यत हुईल. पाटीवर नाव लागंल. मग बघू."

एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसून जेवणाऱ्या माणसाचे चौदा किलो वजन गेले आणि आपल्याला कळले नाही, हे त्याच्या डोक्यात शिरेना. वडिलांना घरी सोडून तो गॅरेजात आला तो तडक वस्तादांपुढे.

"तुमाला ठावं होतं?"

वस्तादांनी हातातला पान्हा खाली ठेवला. "खंडेनवमीला दरसाल पूजेला आबा झेंडूच्या माळा घिऊन मागच्या सीटवर बसून येतो. तो उतरला, की गाडीची मागची बाजू दोन बोटं वर येती. कैक वर्षं बघतोय मी. ह्या साली दीडच बोट आली. तुला इचारलं, आबा बरा हाय का? तू म्हणालास, ठणठणीत. मी गप बसलो, ही माझी चूक. मग तू कडक स्प्रिंगा घातल्यास. त्या कडक स्प्रिंगला माणूस बसला काय आणि उतरला काय, सारखंच. मऊ होती तवर गाडी तुला सांगत होती. तू तिचं सांगणंच बंद केलंस, वर आबाचं सीटबी काढलंस. आता ती वळणावर तुझं ऐकत न्हाई म्हणून रडतोस?"

एवढे लांब बोलणे शिष्याने नऊ वर्षांत ऐकले नव्हते. त्याने जॅक लावला. संध्याकाळपर्यंत मूळच्या स्प्रिंगा गाडीखाली परत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना मागच्या सीटवर उशी देऊन त्याने शहरातल्या दवाखान्यात नेले. मधुमेह निघाला, तोही पार बळावलेला. आणखी महिनाभर अंगावर काढले असते तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. आता काही दिवस दाखल ठेवू, मग रोजच्या इंजेक्शनांनी सावरतील. शर्यतीच्या दिवशी घाटात गाड्या गर्जत होत्या तेव्हा शिष्य दवाखान्याच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसला होता.

गाडीचे काम त्याने सोडले नाही. पण आता ते तीन गोण्या आत ठेवूनच चाले. चांगले शॉकअब्सॉर्बर, ताजे ब्रेक, बेताचे टायर. दर पंधरवड्याला तो वडिलांना काट्यावर नेई आणि त्यांच्या गोणीत वाळूची एखादी ओंजळ वाढवी. एके दिवशी तिसऱ्या वळणावर गाडीचे नाक आपणहून आत आले. तो इतका चकित झाला, की पुढे गेल्यावर थांबून त्याने मागे वळून पाहिले.

पुढच्या खंडेनवमीला वडील माळा घेऊन आले. दार उघडून ते उतरले तेव्हा शिष्य गाडीमागे उकिडवा बसला होता. चाक आणि पत्रा यांच्या फटीशी त्याने बोटे धरली होती.

"किती?" वस्तादांनी विचारले.

"दोन बोटांना थोडं कमी."

वस्तादांनी पायातल्या चपला बाहेर काढल्या आणि आबांच्या जागेवर जाऊन बसले. "चल. घाट दाव मला."

तुमच्या घरी मागच्या सीटवर कोण बसते, आणि त्यांना उतरताना तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत, एवढे आज आठवून बघा.