खरखर

“आता तुम्हीच ऐकून सांगा सर, कुठे कमी पडतंय?”

ओजस दिघेने हे विचारलं खरं, पण त्याच्या मते कुठेच कमी पडत नव्हतं.

सर म्हणजे सायमन तुस्कानो. वसईतल्या केळीच्या वाडीत, घरामागच्या कौलारू खोलीत बसून ते डीप हाउस रचत. संथ, भरदार ठेक्याचं, डोळे मिटून नाचावं असं ते संगीत. आजवर त्यांच्या मोजक्याच विनाइल रेकॉर्ड निघाल्या होत्या. ज्यांच्याकडे त्या होत्या, ते त्यांना दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

ओजस बरीच वर्षं त्यांच्याकडे शिकत होता. आज तो स्वतःची पहिली रेकॉर्ड घेऊन आला होता. कारखान्याने मंजुरीसाठी पाठवलेला तो नमुना होता. संध्याकाळपर्यंत होकार कळवला की छपाई सुरू होणार. होकार द्यायचा, हे त्याचं ठरलेलंच होतं. सरांच्या तोंडून एकदा ‘वा’ ऐकायचं तेवढं राहिलं होतं.

सरांनी तबकडी टर्नटेबलवर ठेवली. सुई टेकवली.

आधी खरखर आली. हलकी, उबदार, विझत्या चुलीत काटक्या तडतडाव्यात तशी. मग ठेका पडला.

सरांनी सुई उचलली. मखमलीचं फडकं घेऊन तबकडी पुसली. पुन्हा सुई टेकवली.

खरखर.

त्यांनी फुंकर मारली, तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली, पुन्हा पुसली. सुईचं टोकही ब्रशने साफ केलं.

खरखर.

हात परत फडक्याकडे गेला तेव्हा ओजसला राहवेना.

“सर, ती पुसून जाणार नाही.”

“का?”

“ती वरची धूळ नाही. आवाजातच आहे. मी घातलीय.”

“धूळ घातलीस?”

“धुळीचा आवाज.”

“कुणाच्या धुळीचा?”

ओजस हसला. हे कधीतरी सांगायचंच होतं त्याला, आणि छाती फुगवून.

“तुमच्याच. तुमची पहिली रेकॉर्ड, ‘खाडीपलीकडे’. ठेका पडायच्या आधी त्यात जी खरखर आहे ना, ती उचलली. आणि नुसती तीच नाही. तो सगळा मऊपणा… झांजेची बोथट धार, घोंगडीखालून आल्यासारखा बेस. तो रंग पकडायला अख्खा पावसाळा घालवला. आता कुणालाही ऐकवा, तुमचीच रेकॉर्ड म्हणेल.”

“माझी…”

सर उठले. कपाटाच्या तळातून त्यांनी एक सीलबंद तबकडी काढली. ओजसकडे पाठ करूनच तिचं प्लास्टिक फाडलं आणि तबकडी लावली.

ठेका पडला. कोरडा, थेट नडगीला लागणारा. झांज काचेसारखी. बेस उघडा, अंगावर काही न घेता उभा राहिल्यासारखा. सुरांच्या मधल्या जागा इतक्या रिकाम्या, की बाहेर वाडीत सोडलेल्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

ओजसने थोडा वेळ ऐकलं.

“बरं आहे. पण कच्चं आहे, सर. कुणीतरी नवखा पोरगा दिसतोय. चाल तुमची घेतलीय, पण ऊब नाही आली त्याला.”

“पोरगाच होता,” सर म्हणाले, आणि त्यांनी कव्हर त्याच्या हातात दिलं.

‘खाडीपलीकडे’.

ओजसने कव्हर उलटं केलं. सुलटं केलं.

“ही… ही नंतर काढलेली आवृत्ती आहे का?”

“तीच आहे. कुणी न वाजवलेली. तुझी कुठली?”

ओजसने पिशवीतून आपली प्रत काढली. फोर्टातल्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडून घेतलेली. कोपरे झिजलेले, कव्हरवर चहाच्या कपाचं तपकिरी कडं.

“आधी कुणाकडे होती?”

“माहीत नाही.”

सरांनी तबकडी उजेडात धरली. चकाकी पार उडाली होती. खाचा राखाडी झाल्या होत्या. सर त्या खाचांकडे पाहत राहिले, आपण न पाहिलेल्या गावाचा फोटो पाहावा तसे.

“बाप रे,” ते कौतुकाने म्हणाले. “खूप नाचलंय हे माणूस.”

ओजसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्याला तो इतकी वर्षं सरांचा आवाज समजत होता, तो कुणा अनोळखी माणसाच्या घरात, त्याच्या सुईखाली झिजून झिजून झाला होता. आधी लाज वाटली. मग राग आला.

“म्हणजे हे सगळं काढून टाकलं तर माझं राहिलं काय?”

“काढून बघ.”

“आणि काहीच नाही राहिलं तर?”

सरांनी टर्नटेबलचं झाकण लावलं.

अंगणात जाऊन ओजसने कारखान्याला फोन केला. छपाई थांबवा म्हणाला. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही.

घरी येऊन त्याने खरखर काढली. मग मऊपणा काढला. जे उरलं ते ऐकून तो घाबरला. घोंगडी उचलल्यावर कळलं, की बेस आणि ठेका एकमेकांच्या पायांत येत होते आणि आजवर ते लपून गेलं होतं. त्याने बेस मोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोडला. एका दुपारी बेस वाजत असताना तो खुर्चीतून उठला, आणि आपण नाचतोय हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने नवा नमुना मागवला.

रेकॉर्ड छापून आली तशी पहिली प्रत घेऊन तो वाडीत गेला. तबकडी कडेने दोन तळव्यांत धरून त्याने पुढे केली.

“सांभाळून सर. अगदी कोरी आहे.”

सरांनी ती लावली. एक बाजू ऐकली. उलटून दुसरीही ऐकली. पूर्ण वेळ त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या पायाची टाच जमिनीवर पडत होती. ओजसला या खेपेला ‘वा’ची वाट पाहायचंही सुचलं नाही. टाच ठेक्यावर बरोबर पडत होती, तो तेवढंच बघत होता.

सुई वर आली.

सरांनी तबकडी उचलून तळहातावर आडवी घेतली. नवी, काळीभोर, आरशासारखी. मग आपला अंगठा तिच्या चकाकत्या खाचांवर टेकवला आणि चांगला दाबला.

“अहो सर! डाग पडला ना!”

सरांनी तबकडी त्याच्या हातात दिली.

“माझं झालं. आता पुढच्याला दे.”