प्रतिनिधीचा प्रतिनिधी

एकदा एका तालुक्याच्या गावी एक धान्याचा व्यापारी राहत असे. माणूस सज्जन, हाताचा सढळ, पण मानाचा भुकेला. घरात बारसे असो की वास्तुशांत, आमदार आल्याखेरीज शेठजींकडे पंगत बसत नसे. आमदारही येत. न येऊन सांगतात कुणाला! शेठजींच्या शब्दावर निम्मी बाजारपेठ मत देत असे.

या शेठजींना एकच दुःख होते. त्यांची थोरली लेक नदीपलीकडच्या गावी दिलेली. गेल्या वर्षीच्या पुरात मधला पूल वाहून गेला, तो गेलाच. आता पलीकडून यायचे तर डोंगराला वळसा घालून दिवसभर खडखडत यावे लागे. त्यात लेकीला सातवा महिना लागलेला. या रस्त्याने प्रवास नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे सख्ख्या भावाच्या लग्नाला बहीण नाही, आणि अचानक कळा सुरू झाल्या तर दवाखाना नदीच्या अलीकडे! या काळजीने शेठजींचा जीव टांगणीला लागला होता. भेटेल त्याला ते विचारत, "हा आमदार करतो तरी काय? एक पूल होत नाही याच्याने?"

मुलाच्या लग्नाचा मुहूर्त डिसेंबरातला. शेठजींनी पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन स्वतः आमदारांकडे गेले. तारीख वाचताच आमदारांचा चेहरा उतरला.

"शेठजी, त्याच दिवशी नागपूरला अधिवेशनात आपल्या पुलाचा प्रश्न आहे हो."

"असेना का! अधिवेशन दरवर्षी असतं. माझा मुलगा एकदाच लग्न करणार आहे," शेठजी उठत म्हणाले. "या, नाहीतर पुढच्या निवडणुकीत भेटूच."

गावाबाहेर एक वृद्ध आचार्य राहत, आमदार लहानपणी त्यांच्यापाशीच शिकलेले. ते तडक गुरूंकडे गेले. आचार्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तू खुशाल नागपूरला जा. लग्नाला तुझा प्रतिनिधी मी घेऊन जातो. फक्त समारंभात बांधतोस तो गुलाबी फेटा माझ्याकडे ठेव."

लग्नाच्या दिवशी मुहूर्त टळायला आला तरी मंगलाष्टके सुरू होईनात. भटजी सारखे घड्याळाकडे पाहत होते आणि शेठजी फाटकाकडे. इतक्यात आचार्य आले. हातात पितळी ताट, ताटात फेटा. त्यांनी पहिल्या रांगेतल्या कोचावर फेटा अलगद ठेवला आणि स्वतः शेजारी अदबीने बसले. माईकवाल्याची जीभ सवयीने सुटली, "आपले सर्वांचे लाडके आमदार यांचा... अं... यांचा फेटा आपल्यात उपस्थित झालेला आहे! त्याचं हार्दिक स्वागत!" वाजंत्री वाजली. कुणीतरी घाईघाईने फेट्याला शाल पांघरली, पुढे श्रीफळ ठेवले. लग्न लागले. पंगतीत आचार्यांनी फेट्यासाठी वेगळे पान मांडायला लावले. वाढपी हुशार निघाला. त्याने "घ्या साहेब, एक घ्याच" म्हणत जिलबीचा आग्रह केला, तशी सारी पंगत खो खो हसू लागली.

शेठजींचा पारा चढला. "आचार्य, तुमच्या वयाकडे बघून गप्प बसलो. भरल्या मांडवात माझी थट्टा? आता विहीणबाईंना या फेट्याची ओळख करून देऊ का?"

"का बरे? तो स्वतः आला असता तरी काय करणार होता? पुढे बसला असता, शाल घेतली असती आणि दोन घास खाऊन दुसऱ्या लग्नाला पळाला असता. एवढे फेट्यालाही जमते," आचार्य म्हणाले. "पण हा फेटा मी नागपूरला धाडला असता, तर तिथे तो चालला नसता. त्या सभागृहात आपल्या मतदारसंघाची जागा एकच. मत दिलेल्यांची तीच, न दिलेल्यांची तीच, नदीच्या दोन्ही काठांची तीच. तिथे भाऊ, मुलगा, गुरू, कुणीही बदली बसू शकत नाही. नाव पुकारले जाते. माणूस उभा राहिला तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. नाही राहिला, तर पुढचे नाव. मार्चमध्येही आपल्या पुलाचा प्रश्न असाच पुकारला गेला होता, शेठजी. जागा रिकामी होती."

"रिकामी? मग कुठे उलथला होता तेव्हा हा गृहस्थ?" शेठजी कडाडले.

शेठजींची पत्नी जवळच उभी होती. ती म्हणाली, "अहो, असं काय करता? आपल्याकडे साखरपुड्याला होते की! तुम्हीच फोनावर फोन करून मुंबईहून बोलावून घेतलंत. पेढाही तुम्हीच भरवलात."

मांडवात करवली म्हणून मिरवायची ती शेठजींची पोर आज नदीपलीकडे एकटी बसली होती, आणि तिचा रस्ता आपणच अडवला हे त्यांना आता लख्ख दिसले. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आमदार होते. "शेठजी, माफ करा, येता आलं नाही. आत्ताच प्रश्न झाला. आधी तात्पुरता लोखंडी पूल महिन्याभरात टाकू, पक्का मागाहून, असं मंत्री सभागृहात बोललेत. मी उद्या सकाळीच येतो, सूनबाईंना आशीर्वाद..."

"खबरदार!" शेठजी ओरडले. "मंत्री बोलतील आणि विसरतील. तुम्ही तिथंच बसा. अधिवेशन संपेपर्यंत गावात दिसलात, तर गाठ माझ्याशी आहे!"

मग त्यांनी लेकीला फोन लावला. "बाळा," ते म्हणाले, "आपले आमदार काही लग्नाला आले नाहीत बघ." आणि हे सांगताना शेठजींना कोण आनंद झाला होता!