किल्ला नसलेला शत्रू

एका डोंगराळ राज्यात अरिमर्दन नावाचा एक सेनापती होता. त्याने सात किल्ले जिंकले होते, त्यामुळे किल्ला घेणे म्हणजेच युद्ध, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

त्या राज्याच्या घाटात एक टोळी माजली. तिला ना राजा, ना झेंडा, ना किल्ला. भरल्या बाजारात घुसायचे, बायापोरे कापायची आणि रानात पसार व्हायचे. असल्या नीचांना मोडलेच पाहिजे, यात दुमत नव्हते. मोडायचे कसे, तिथे घोडे पेंड खात होते.

सुभाना नाईक हा सैन्याचा वाटाड्या, घाटातच वाढलेला. सेनापती तीनदा मोहिमेवर निघाला, आणि तिन्ही वेळा रिवाजाप्रमाणे आधी नगारा वाजला. दोन कोसांवरून तो ऐकून टोळीवाले आरामात निघून गेले.

"सरकार, निदान नगारा नको," सुभाना म्हणाला.

"गुपचूप निघायला आपण चोर आहोत का?" सेनापतीने विचारले.

घाटात कुसवली नावाचे गाव होते. वाटसरूसाठी प्रत्येक ओट्यावर दोन भाकऱ्या आणि पाण्याचा तांब्या झाकून ठेवायचा, ही तिथली रीत. टोळीवाले त्याच भाकऱ्या उचलून नेत. गाव मनातून जळे, पण सुऱ्यापुढे बोलणार कोण? शेवटी येसाई नावाच्या म्हातारीने हिंमत केली. ती सुभानाला म्हणाली, "नाईक, गावात गुपचूप पंधरा मानसं ठेवा. लेकीबाळी राखा. मग त्यांची गुहा आमीच दावतो." सुभानाने शब्द दिला आणि तो धावत सेनापतीकडे गेला.

"पंधरा माणसांनी लढायचे, तर मी कशाला?" सेनापती हसला.

तेवढ्यात राजाने विचारणा केली, तीन मोहिमांत काय जिंकलेत? आता काहीतरी जिंकणे भाग होते. सेनापती कुसवलीत आला आणि त्याला ओट्याओट्यावर भाकऱ्या दिसल्या.

"ही बघा शत्रूची रसद. हाच त्यांचा किल्ला."

"सरकार, ही आपली माणसं आहेत," म्हणत सुभानाने त्याच्या घोड्याचा लगाम धरला. शिपायांनी त्याला बाजूला ओढले आणि गाव पेटवले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि त्याबद्दल राजाने सेनापतीला सोन्याचे कडे घातले. त्या कड्याचा विचार आला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

दोन महिन्यांनी टोळी पुन्हा बाजारात घुसली. या वेळी ती दुप्पट होती.

सुभाना खाली मान घालून कुसवलीत गेला. काळ्या भिंतीशी येसाई बसली होती. तिने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. राखेतही तिने रीत मोडली नव्हती.

"आजी, तेवढी गुहा दाखवा," सुभाना म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे पाहिले. "तुमचे दोघे लेक कुठे आहेत?"

"त्याच गुहेत," येसाई म्हणाली. "नगा जाऊ म्हनलं म्या. पन ऐकायला घर कुठं उरलं हुतं? नाईक, टोळीवाले भाकर न्यायचे. तुमी चूलच नेली."

सुभानाने न पिताच तांब्या खाली ठेवला. खाली घाटाच्या तोंडाशी चौथ्या मोहिमेचा नगारा वाजू लागला होता.

तात्पर्य: ज्या शत्रूला किल्ला नाही, त्याच्याशी लढताना आपल्या माणसांचा विश्वास हाच आपला किल्ला असतो, तो जाळणारा सेनापती शत्रूचीच फौज वाढवतो.